परसातील सुगी आणि आश्विन-कार्तिकाचे सण

शेताची सुगी सर्वांस दिसते. खळे, मळणी, रास, बाजारभाव यांविषयी पुष्कळ लिहिले जाते व ते योग्यच आहे. परंतु घराच्या मागील दोन-तीन गुंठ्यांच्या परसात जी लहानशी सुगी याच दिवसांत येते, तिच्याविषयी लिहावयास फारसे कोणी बसत नाही. आम्ही महसूल खात्यात कारकुनी करीत असता पुष्कळ गावांचे पीक पाहणीचे कागद हाताखालून गेले. त्यांत ज्वारी, बाजरी, ऊस, कपाशी यांचे रकाने नीट भरलेले असत. पण मागील दारचा दोडका, मांडवावरील वाल, विहिरीच्या पाटाकडेचा अळू यांची नोंद आम्हांस कोठे आढळली नाही. ज्याची आकारणी नाही त्याची नोंद नाही, आणि ज्याची नोंद नाही त्याची किंमत नाही, असा समज होऊन बसतो. हा समज किती चुकीचा आहे व परसातील पीक सणावारांच्या हिशेबाने कसे धरावे, हे या पाठात सांगावयाचे आहे.

प्रथम क्षेत्राविषयी. एक गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब व तेहतीस फूट रुंद, अर्थात् १०८९ चौरस फूट जागा. असे चाळीस गुंठे मिळून एक एकर होतो. एवढ्या एका गुंठ्यात कुंपणाला दोडका, घोसाळे, कारले व पडवळ, मध्ये भेंडी व गवारीच्या दोन-दोन ओळी, मोरीच्या पाण्यावर अळू व केळ, एका कडेस झेंडू आणि दारापुढे तुळस, इतके सहज बसते. कुदळ, खुरपे व घरातील दोन माणसांचे हात एवढ्यावर त्याचे काम भागते. बैल अगर यंत्र तेथे शिरतही नाही.

ही शेवटची गोष्ट आमच्या सणांनी फार पूर्वी ओळखलेली आहे. भाद्रपद शुद्ध पंचमीस, म्हणजे ऋषिपंचमीस, बैलाच्या श्रमावर पिकलेले अन्न न खाण्याचा नेम पुष्कळ घरच्या स्त्रिया पाळतात. त्या दिवशी होणाऱ्या ऋषीच्या भाजीत अळू, लाल भोपळा, दोडका, पडवळ, भेंडी, मक्याची कणसे, सुरण, माठ अशा हाताने खणलेल्या जमिनीतील वस्तू पडतात. तीनच दिवसांच्या आगेमागे गौरी येतात, व पुष्कळ ठिकाणी त्यांच्या नैवेद्यास सोळा भाज्यांची एकत्र भाजी करण्याची चाल आहे. सोळा प्रकारच्या भाज्या एकाच वेळी घरात असणे याचा अर्थ काय? तर निदान पूर्वी ज्या घरात ही चाल पडली, तेथे मागील दारी इतके प्रकार लावलेले असत. आज त्या सोळा भाज्या बाजारात एकत्र चिरून, पुडीत बांधून मिळतात. नैवेद्य होतो, परंतु परसातून एकेक वेल नाहीसा होत जातो. आणि वेल गेला की त्याचे घरचे बीही गेले. आमच्या मते या विषयातील खरी चिंता हीच आहे.

आता कालगणनेविषयी. परसबाग धरणाऱ्याने एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. पाऊस सूर्याच्या गतीने येतो आणि सण चंद्राच्या गतीने येतात. मृग नक्षत्र सुमारे ७-८ जूनला लागते, हस्त सुमारे २७ सप्टेंबरला, चित्रा १०-११ ऑक्टोबरला व स्वाती २४ ऑक्टोबरच्या सुमारास. ही सूर्याची नक्षत्रे असल्यामुळे त्यांत एखाद्या दिवसापलीकडे फरक पडत नाही. गौरी अनुराधा नक्षत्रावर येतात व मूळ नक्षत्रावर जातात असे आपण म्हणतो, ती मात्र चंद्राची नक्षत्रे होत. या दोहोंची गल्लत करू नये.

चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणजे सौरवर्षाहून सुमारे अकरा दिवस तोकडे असते. ही तूट साचत गेली की साधारण साडेबत्तीस महिन्यांनी अधिक मास घालून ती भरून काढतात. याचा परिणाम असा होतो की, दसरा २०२३ साली २४ ऑक्टोबरला आला, २०२४ साली १२ ऑक्टोबरला आणि २०२५ साली २ ऑक्टोबरला. दोन वर्षांत बावीस दिवसांचा फरक पडला. जो दरवर्षी एकाच तारखेस झेंडूचे बी टाकील, त्याची फुले एका वर्षी दसऱ्याआधी उमलून जातील व दुसऱ्या वर्षी दसऱ्यास कळीतच राहतील.

सबब आमचा नियम असा आहे. जे पीक पावसावर अवलंबून आहे व दीड-दोन महिने सतत तोडा देते, ते नक्षत्रावर लावावे. दोडका, घोसाळे, कारले, पडवळ, भोपळा यांचे बी मृगाच्या पावसावर टोकावे. दोन महिन्यांच्या सुमारास तोडा सुरू होतो, तो पुढे चालू राहतो, व गौरी लवकर येवोत अगर उशिरा येवोत, वेलावर काही ना काही मिळतेच. जे पीक मात्र नेमक्या एका सणासाठी हवे, ते त्या सणाच्या तिथीपासून मागे दिवस मोजून लावावे.

झेंडू हे याचे उत्तम उदाहरण होय. बी टाकल्यापासून रोप लावणीस येण्यास सुमारे पंचवीस ते तीस दिवस व लावणीपासून फुले भरास येण्यास सुमारे साठ ते पासष्ट दिवस लागतात. एकूण हिशेब जास्तीत जास्त पंचाण्णव दिवसांचा झाला. आश्विन शुद्ध दशमीपासून इतके मागे गेले म्हणजे आषाढ शुद्ध पक्षाचा पहिला आठवडा येतो. ही खूण तिथीची असल्यामुळे दसरा मागेपुढे झाला तरी ती त्याच्याबरोबर सरकते. केवळ एक सावधगिरी पाहिजे: आषाढ ते आश्विन यांच्या दरम्यान अधिक मास पडत असेल, तर बी त्या मानाने महिनाभर उशिरा टाकावे. २०२० साली अधिक आश्विन व २०२३ साली अधिक श्रावण होता. त्या वर्षी आषाढ शुद्ध चतुर्थीस टाकलेल्या बियापासून दसऱ्यापर्यंत एकशे तेवीस-चोवीस दिवस भरले; अर्थात् फुलांचा ऐन बहर दसऱ्यापूर्वीच येऊन गेला असणार. पंचांगातील अधिक मास पाहण्यास एक घटका लागते. तो न पाहिल्यास सबंध हंगाम हातचा जातो.

झेंडूच्या रोपाचा शेंडा लावणीनंतर एकदा खुडावा. त्याने फांद्या फुटून फुले वाढतात, परंतु बहर काही दिवस लांबतो, हेही हिशेबात धरावे. घरच्या गोंड्याचे बी राखून पुढील वर्षी लावता येते. बाजारातील संकरित वाणाचे बी राखल्यास मात्र पुढील पिढीत फुले एकसारखी येत नाहीत. सबब तोरणापुरत्या दोन ओळी तरी गावठी गोंड्याच्या असाव्यात.

दसऱ्याच्या सोन्याविषयी दोन शब्द येथेच सांगतो. आपट्याच्या फांद्याच्या फांद्या ओरबाडून आणण्याची जी रीत पडली आहे, तिने झाडाची हानी होते. शिवाय पुष्कळ वेळा आपटा समजून कांचनाची पाने आणली जातात. दोहोंचीही पाने जोडपानासारखी दुभंगलेली असल्यामुळे हा घोटाळा होतो. बांधावर आपट्याचे एक झाड लावल्यास घरापुरती चार पाने दरवर्षी मिळतात व झाडही टिकते.

आता घटस्थापना. आश्विन शुद्ध प्रतिपदेस शेतातील माती आणून तीत सात अगर नऊ धान्ये पेरतात, मध्ये पाण्याचा घट ठेवतात व नऊ दिवस ते अंकुर वाढू देतात. दसऱ्यास तेच अंकुर टोपीत अगर कानावर खोवतात. यामागील श्रद्धेविषयी येथे बोलावयाचे नाही. शेतकीच्या दृष्टीने मात्र हा विधी अगदी ऐन वेळी येतो. रब्बी ज्वारीची पेरणी याच सुमारास असते, हरभरा त्यामागून व गहू नोव्हेंबरात. ज्या बियाची परीक्षा व्हावयास पाहिजे, तेच बी घटात पडते. परंतु घटात मूठभर धान्य मिसळून टाकलेले असल्यामुळे किती दाणे उगवले व किती कुजले हे मोजता येत नाही. म्हणून घटाशेजारीच मोजणीची परीक्षा करावी. ती येणेप्रमाणे:

गहू, हरभरा अगर जे बी पेरावयाचे असेल त्याचे सरसकट शंभर दाणे मोजून घ्यावेत; निवडून चांगलेच घेऊ नयेत. गोणपाटाचा हातभर तुकडा ओला करून त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडाव्यात, वर दुसरा ओला तुकडा घालून सैल गुंडाळी करावी व सावलीत ठेवावी. गोणपाट सुकू देऊ नये, पाण्यात बुडवूनही ठेवू नये. आठव्या दिवशी गुंडाळी उलगडून ज्यांस नीट मूळ व कोंब दोन्ही आले आहेत असे दाणे मोजावेत. प्रमाणित बियाण्यास गव्हाची व हरभऱ्याची उगवण शेकडा ८५, सोयाबीन व कांदा यांची ७०, भेंडीची ६५ आणि दोडका-कारले या वर्गातील वेलांची ६० असावी लागते. घरच्या गव्हाचे शंभरांपैकी सत्तरच उगवले, तर जेथे १० किलो पेरावयाचे तेथे सुमारे १२ किलो पेरावे. निम्म्याहून कमी उगवले, तर ते बी दळणास पाठवावे. घरातील मुलांच्या हाती ही मोजणी द्यावी. नवरात्राचे नऊ दिवस त्यांस याहून चांगला धडा दुसरा मिळावयाचा नाही. भेंडीसारख्या बियांस मात्र उगवण्यास अधिक दिवस लागतात, त्यांची घाई करू नये.

आश्विनी पौर्णिमा म्हणजे कोजागिरी. तिलाच नवान्न पौर्णिमा असेही नाव आहे. कोकणात हळवे भात दसऱ्याच्या आसपास कापणीस येते, निमगरवे व गरवे त्यामागून. नव्या भाताच्या लोंब्या, नाचणीची कणसे व आंब्याची पाने एकत्र बांधून दारावर ‘नवे’ लावण्याची तिकडे रीत आहे, आणि नवीन तांदूळ त्यानंतर खावयास घेतात. या रीतीत एक व्यवहार दडलेला आहे. दारावर बांधावयाची लोंबी कोणी किडकी आणीत नाही; सर्वांत भरदार तीच निवडली जाते. ज्या हाताने ही निवड होते, त्याच हाताने त्याच वेळी बियाच्या लोंब्याही निवडून वेगळ्या काढल्या, तर निराळे कष्ट पडत नाहीत.

यानंतर दिवाळी. नरकचतुर्दशीस अभ्यंगस्नानानंतर कारीट फोडण्याची चाल पुष्कळ घरी आहे. हे कडू, रानटी फळ कुंपणावर आपोआप येत असे. कुंपणे जाऊन भिंती आल्या तशी तेही बाजारात विकत घ्यावयाची वस्तू झाली. कुंपणाचा एक कोपरा तणनाशकापासून राखल्यास कारीट, तोंडली व इतर रानवेल टिकतात व मधमाश्यांसही आसरा मिळतो.

दसऱ्यास मोकळ्या झालेल्या वाफ्यात मेथी, कोथिंबीर, मुळा व लसूण घालावा. दसऱ्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत, म्हणजे कार्तिक शुद्ध द्वादशीपर्यंत, साधारण बत्तीस दिवस होतात. मेथी पंचवीस-तीस दिवसांत काढणीस येते, तेव्हा हा हिशेब बरोबर बसतो. तुळशीच्या लग्नास ऊस, चिंच, आवळा, बोरे लागतात. यांपैकी ऊस सोडल्यास बाकीची तिन्ही झाडे बांधावर पाण्यावाचून तग धरणारी आहेत व एकदा लागली की पिढ्यान् पिढ्या पुरतात.

वांग्याची गोष्ट निराळी आहे. चातुर्मासात पुष्कळ घरी कांदा, लसूण व वांगे वर्ज्य असते आणि वांगे चंपाषष्ठीस, म्हणजे मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीस, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून पुन्हा खावयास लागतात. अशा घरी मृगावर वांगी लावून पावसाळ्यात फळ आणण्यात अर्थ नाही. बी टाकल्यापासून लावणीस पाच-सहा आठवडे व पुढे पहिल्या तोड्यास सुमारे साठ ते सत्तर दिवस लागतात. म्हणून श्रावण वद्य पक्षाच्या आरंभी वांग्याचे बी वाफ्यात टाकावे. चंपाषष्ठीस पहिली फळे हाती येतात, आणि रोप लहान असते तोवर जोराचा पाऊसही बहुधा ओसरू लागतो.

येथवर लागवडीचे सांगितले. आता या पाठाचा मुख्य भाग, तो बी राखण्याचा. सणाची रीत अशी की जे पहिले व उत्तम, ते देवास. त्यामुळे गौरीच्या दिवशी वेलावरील सर्वांत सरळ व भरलेला दोडका नैवेद्यात जातो, मागून येणारे पाहुण्यांच्या पानात जातात, आणि हंगामाच्या अखेरीस वेलावर कोठेतरी पानाआड राहिलेले, वाकडे, किडके फळ बियासाठी उरते. असे वर्षानुवर्षे चालले म्हणजे आपण स्वतःच आपले वाण वर्षास एक पायरी खाली उतरवितो. मग बी बिघडले म्हणून दुकानाची वाट धरावी लागते. यात देवाचा दोष नाही व गृहिणीचाही नाही. बियाचे फळ आधी नेमून ठेवलेले नसते, एवढाच दोष आहे.

उपाय सोपा आहे. गौरी येण्यापूर्वी आठ दिवस घरच्या सर्व माणसांनी एकदा परसात फिरावे. तीन-चार निरोगी वेल पाहून प्रत्येकावर एकेक उत्तम कोवळे फळ निवडावे व त्याच्या देठास तांबडा दोरा बांधावा. दोरा बांधलेले फळ कोणीही, कोणत्याही पाहुण्यासाठी तोडावयाचे नाही, असा घरात ठराव असावा. एकाच वेलावर सर्व बी अवलंबून ठेवू नये. तसेच एका वेलावर अनेक फळेही पिकू देऊ नयेत, कारण पिकणारे फळ वेलाचा जोर ओढून घेते व नवीन फळ धरणे कमी होते. भाजीचा दोडका कोवळा असता तोडतात, परंतु बी पक्व होऊन फळ वेलावरच वाळण्यास सुमारे पन्नास दिवस पाहिजेत. गौरीपासून लक्ष्मीपूजनापर्यंत साधारण तेवढेच दिवस होतात. म्हणजे गौरीस बांधलेला दोरा दिवाळीस सोडावयाचा, इतके ध्यानात ठेवले की पुरे.

दोडका व घोसाळे ही एकाच कुळातील असून त्यांचा संकर होऊ शकतो. दोडक्याचे फूल सायंकाळी उमलते व घोसाळ्याचे सकाळी, त्यामुळे काही अंशी आपोआप बंदोबस्त होतो. तरीही दोन्ही वेल परसाच्या दोन टोकांस लावावेत. फळमाशीने डंख केलेली व गळून पडलेली फळे तशीच राहू न देता रोज गोळा करून खोल पुरावीत. न पुरल्यास त्यांतील अळ्या जमिनीत कोष करून पुन्हा माश्या होऊन बाहेर पडतात. दोऱ्याच्या फळास कापडी पिशवी बांधल्यास फार उत्तम.

वाळलेला दोडका व घोसाळे हलविले असता आत बी खुळखुळते, तीच काढण्याची खूण. भेंडीची शेंग तडकण्यापूर्वी काढावी. काकडी पिवळी जर्द झाल्यावर तिचा गर बियांसह एक-दोन दिवस भांड्यात आंबवून मग धुवावा. बुडालेले बी घ्यावे, तरंगणारे टाकावे. सर्व बी सावलीत पूर्ण वाळवावे, चाळलेल्या कोरड्या राखेत मिसळून मडक्यात अगर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे आणि वर वाणाचे नाव व साल लिहिलेली चिठ्ठी लावावी. थोडे बी शेजारच्या दोन घरी द्यावे. आपले बी एखाद्या वर्षी गेले, तर तेथून परत मिळते. ही तिजोरीपेक्षा भरवशाची ठेव आहे.

हे काम लहान आहे असे कोणी समजू नये. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी आपल्या परिसरातील गावठी भाज्या व धान्ये यांचे बी जपण्यास स्वतःच्या घरापासून प्रारंभ केला, त्यातून बियाण्यांची बँक उभी राहिली, आणि २०२० साली सरकारने त्यांस पद्मश्री देऊन गौरविले. शाळेचे शिक्षण त्यांस मिळाले नव्हते. दृष्टी व चिकाटी मात्र होती. कायदाही शेतकऱ्याच्या बाजूस आहे. पिकांच्या वाणांचे संरक्षण व शेतकऱ्यांचे हक्क यांविषयीच्या २००१ च्या कायद्याने आपल्या शेतातील बी राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा व विकण्याचाही हक्क शेतकऱ्यास राहिलेला आहे; मात्र संरक्षित वाणाचे बी छापाच्या पिशवीत, त्या नावाने विकता येत नाही.

शेवटी एक सूचना. प्रत्येक घरी परसाची एक वही असावी. तीत पाचच रकाने पुरेत: वाणाचे नाव, बी टाकल्याची तिथी व तारीख, पहिला तोडा, कोणत्या सणास काय उपयोगी पडले, आणि किती बी राखले. वर्षाअखेर बाजारातून सणासाठी काय काय विकत आणले त्याची यादी समोरच्या पानावर लिहावी व पुढील वर्षी त्या यादीतील दोन नावे परसात आणावीत. ही वही घरातील ज्या स्त्रीच्या हाती परस आहे तिच्याच हाती असावी, कारण कोणत्या मडक्यात कोणते बी आहे हे बहुतेक घरी तिलाच ठाऊक असते. आणि ते लिहून न ठेवल्यास तिच्याबरोबरच जाते. सरकारी दप्तरात परसाचा रकाना नसेल तर नसो. घरच्या दप्तरात तो उघडण्यास कोणाची मंजुरी लागत नाही.